चौथा तुकडा

रुग्णाच्या अंगातून काढलेला तुकडा आत बसवलेल्या मेणाच्या ब्लॉकमधून केसाच्या विसाव्या हिश्श्याइतकी पातळ चकती कापायची, आणि तीही न फाटता, न दुमडता, या कामात उज्ज्वला लोहारचा हात धरणारं सांगली-कोल्हापूर पट्ट्यात दुसरं कुणी नव्हतं. कर्करोग रुग्णालयाच्या बायोप्सी विभागात तिची एकतीस वर्षं गेली. डॉक्टर बदलले, यंत्रं बदलली, इमारतीला तीनदा रंग लागला, उज्ज्वला आपली मायक्रोटोमसमोरच्या, म्हणजे चकत्या कापायच्या यंत्रासमोरच्या, त्याच स्टुलावर. नव्या पोरींना ती एकच गोष्ट घोकून घ्यायला लावायची. कापलेली चकती कोमट पाण्यावर तरंगवतो, तिथून ती स्लाइडवर उचलतो. एका बाईचा ब्लॉक संपला की त्या पाण्यावरून टिपकागद फिरवायचा, पातं बदलायचं आणि मगच दुसरीच्या ब्लॉकला हात लावायचा. एका बाईचं दुसरीत जाता कामा नये.

रुग्णालयात आणखी एक रीत होती, ती मात्र कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती. आपल्या माणसाचं आधी. शिपायाची मावशी असो की नर्सची नणंद, तिच्या तुकड्याची बाटली रांगेत चाळिसावी असली तरी हळूच पुढे सरकायची. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. रोज तिथे मरमर करायची आणि घरच्या माणसानं रिपोर्टसाठी आठ-आठ दिवस जीव मुठीत धरून बसायचं, मग त्या नोकरीचा उपयोग तरी काय? उज्ज्वलाचंही असंच मत होतं. इतकंच काय, तिला त्याचा अभिमान होता. तिची धाकटी जाऊ काजल आज जिवंत होती ती या रीतीमुळेच, असं घरात सगळे म्हणत.

२०४१च्या दिवाळीनंतर विभागात सांधा मशीन आलं. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं, पण हे नाव त्याला चपखल बसलं होतं. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग करणारा विषाणू, एचपीव्ही, त्याचा डीएनए म्हणजे बांगडीसारखं गोल कडं. ते पेशीत सुटं पडलेलं असतं तोवर फारशी भीती नाही. बहुतेक बायकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. पण एखादीत ते कडं तुटतं आणि तिच्या स्वतःच्या डीएनएत जाऊन जुळतं. ती जुळलेली जागा म्हणजे सांधा. गंमत म्हणजे, गंमत कसली म्हणा, ते तुटतं बहुधा नेमकं त्याच्या लगामाच्या जागी. लगाम गेला की विषाणूची दोन जनुकं मोकाट सुटतात, आणि मग ती पेशी कुणाचं ऐकत नाही.

विषाणू आत घुसलाय की नुसताच हिंडतोय हे पूर्वी आडून ओळखायचे. विषाणूला चिकटणारा रंग स्लाइडवर सोडायचा. केंद्रक सगळंच रंगलं तर तो सुटा, एक-दोन ठिपके उमटले तर घुसलेला. नाहीतर लगामाचं जनुक आणि मोकाट जनुक यांचं प्रमाण मोजायचं. लगाम कमी भरला की समजायचं, कडं तुटलंय. सांधा मशीनला अंदाज लागत नसे. ते तुकड्यातून विषाणूच्या डीएनएची अक्षरं गळ टाकल्यासारखी ओढून काढायचं, त्यांना लागून आलेली माणसाची अक्षरं वाचायचं आणि एका वेळी शंभर नळ्या लावल्या तरी दीड तासात सांगायचं, सांधा कुठल्या गुणसूत्रावर, कितव्या अक्षराशी आहे. हा सांधा प्रत्येक बाईत वेगळा. दोन बायकांचा सांधा अक्षर न् अक्षर सारखा निघणं होत नाही.

आणि रोग परतला, तर गाठ दिसायच्या कितीतरी महिने आधी तोच सांधा रक्तात उतरतो. म्हणून सरकारनं योजना काढली: गेल्या पंधरा वर्षांतले सगळे जुने ब्लॉक आणि स्लाइडी पुन्हा वाचायच्या, ज्यांचा सांधा सापडेल त्यांना रक्ततपासणीला बोलवायचं. शाळकरी मुलींना लस मिळाली होती, पण त्यांच्या आया-मावश्या राहिल्याच होत्या. उज्ज्वलाच्या विभागात अकरा हजार ब्लॉक होते आणि ते वर्षवार, क्रमानं घ्यायचे होते.

"अक्का, माझा आधी लावा की," काजल भाकरी थापता थापता म्हणाली. "नऊ वर्षं झाली. एकदा तो सांधा कळला की रक्त देऊन मोकळी होईन. दर वेळी कंबर दुखली की वाटतं, आला परत."

"लावते उद्या," उज्ज्वला म्हणाली. तिला ते काय अवघड होतं.

काजल सत्तावीस वर्षांची असताना तिच्या अंगावरून मध्येच लाल जायला लागलं होतं. बायोप्सीत कर्करोग निघाला. तोही लवकर निघाला, कारण उज्ज्वलानं तिचा ब्लॉक त्याच दिवशी कापून डॉक्टरांसमोर ठेवला. पंधरवड्यात गर्भपिशवी काढली. काढलेल्या पिशवीत रोगाचा कणही सापडला नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाले, होता तेवढा बायोप्सीच्या चिमट्यातच निघून आला, नशीब थोर. घरात पेढे वाटले. तीन वर्षांनी काजलच्या नवऱ्यानं, नेताजीनं, दुसरं लग्न केलं, त्याला दोन मुलं झाली. काजल उज्ज्वलाच्या घरी आली ती कायमची. आता ती रुग्णालयाच्या शिबिरांत गावोगाव फिरून बोलायची. पदर खोचून उभी राहायची आणि सांगायची, "माझ्याकडं बघा. पिशवी गेली, संसार गेला, पण मी उभी हाय का न्हाई?" तिचं ऐकून तपासणीला आलेल्या बायका शेकड्यांनी होत्या.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलानं काजलचा ब्लॉक आणि जुनी स्लाइड बाहेर काढली. नियमाप्रमाणे स्लाइडचा फोटो घेतला, स्लाइडवरच्या प्रत्येक तुकड्याचा कोपरा खरवडून वेगवेगळ्या नळीत टाकला, ब्लॉकमधली एक चकती वेगळी लावली. दीड तासानं पडद्यावर निकाल आला. ब्लॉक: विषाणू नाही. स्लाइडवरचा पहिला तुकडा: विषाणू नाही. दुसरा नाही, तिसरा नाही. चौथ्या तुकड्यात विषाणू होता, जात सोळावी, सांधा आठव्या गुणसूत्रावर. आणि खाली लाल ओळ होती: हा सांधा दुसऱ्या व्यक्तीच्या नावे आधीच नोंदलेला आहे.

ती दुसरी व्यक्ती म्हणजे शेवंता बाबर, वय चव्वेचाळीस, तासगाव तालुका. मशीनच्या चाचणीसाठी काही ब्लॉक क्रम सोडून आधीच वाचले होते, त्यांत तिचा होता. तिच्या नावापुढे 'मयत' अशी खूण होती.

उज्ज्वलाला आधी वाटलं, मशीनमध्ये काहीतरी राहिलं असेल. तिनं नव्या नळ्या घेतल्या, पुन्हा खरवडलं, पुन्हा दीड तास बसली. निकालात अक्षराचा फरक पडला नाही. मशीन व्यक्तीची ओळखही पटवायचं. पहिले तीन तुकडे एका बाईचे होते, चौथा दुसरीचा.

मग तिनं कपाटातून नऊ वर्षांपूर्वीची नोंदवही काढली. बायोप्सीची बाटली आली की आत किती तुकडे आहेत ते मोजून लिहायचं असतं. काजल नेताजी लोहार, त्यापुढे तिच्या स्वतःच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: तुकडे तीन. तिनं ब्लॉक उजेडात धरला. मेणात तीन तुकडे होते. स्लाइडच्या फोटोत चार होते. चौथा कडेला, जरा तिरका, बाकीच्यांपेक्षा किंचित वर आलेला, पाण्यावर आधीच तरंगत असलेला तुकडा वरून चिकटावा तसा. असं काही दिसलं तर संशय घ्यायचा, हे ती पोरींना पहिल्या आठवड्यात शिकवायची.

नोंदवहीत शेवंता बाबर काजलच्या लगेच वरच्या ओळीत होती.

तो दिवस तिला आठवत होता. काजल बाहेर बाकड्यावर बसून रडत होती, नेताजी दारात येरझारा घालत होता आणि डॉक्टरांना चारच्या गाडीनं पुण्याला जायचं होतं. ते गेले की रिपोर्ट सोमवारवर जाणार. मायक्रोटोमवर शेवंताचा ब्लॉक अर्धा कापून झाला होता. उज्ज्वलानं तो काढला, काजलचा चढवला, चकत्या कापल्या, पाण्यात सोडल्या, उचलल्या आणि स्लाइड घेऊन पळतच डॉक्टरांच्या खोलीत गेली. मधे तिनं टिपकागद फिरवला होता का? पळाल्याचं आठवत होतं, जिन्यात चप्पल तुटल्याचं आठवत होतं. कागदाचं काही केल्या आठवेना.

म्हणजे काजलला कर्करोग कधी नव्हताच. तिच्या तीन तुकड्यांत होती ती साधी सूज, आठवड्याच्या गोळ्यांनी बरी झाली असती. हे मनात स्पष्ट झालं तेव्हा उज्ज्वलानं फोटो आणि नोंदवही उचलली आणि ती विभागप्रमुखांच्या खोलीकडे निघाली.

विभागप्रमुख डॉक्टर कारखानीस चाळिशीच्या होत्या, हुशार आणि मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी फोटो पाहिला, नोंदवही पाहिली आणि दार लावून घेतलं.

"उज्ज्वलाताई, कारण काय नोंदवलंत?"

"अजून काही नाही. कारण भरल्याशिवाय फाइल बंद होत नाही."

"दोन पर्याय आहेत ना त्यात? आजच्या वाचनात मिसळ झाली, किंवा मूळ स्लाइडमध्येच मिसळ होती. पहिला भरा."

"मॅडम, दोनदा वाचलंय मी."

"मला कळतंय." डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "दुसरा भरलात तर चौकशी लागेल. ती लागली की विभागाला टाळं. अजून सहा हजार ब्लॉक वाचायचे आहेत, त्यात शंभरेक बायका अशा निघतील की ज्यांना आज बोलावलं तर वाचतील. चार महिन्यांनी बोलावलं तर सांगता येत नाही. आणि त्या स्लाइडवर सही करणारे डॉक्टर तर वारले. काजलला तरी काय मिळणार आहे? तिला सांगा, सांधा सापडला नाही, रोग मुळासकट गेलाय. खूश होईल बिचारी."

यातलं एकही कारण खोटं नव्हतं, हीच अडचण होती. उज्ज्वला मान हलवून बाहेर आली. फाइल तशीच उघडी ठेवून घरी गेली आणि दोन दिवस मूग गिळून बसली. काजलनं विचारलं तेव्हा म्हणाली, मशीनला वेळ लागतोय.

तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता, मार्गशीर्षातला. काजलचा रिपोर्ट आला तो दिवस मार्गशीर्षातल्या शुक्रवारचाच, म्हणून दर वर्षी त्या शुक्रवारी सकाळी ती उज्ज्वलाची ओटी भरायची. पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या होत्या, हे कसलं खूळ. पण काजलचा हट्ट होता. ज्या बाईनं आपल्याला दुसरा जन्म दिला तिची ओटी भरायची नाही तर कुणाची?

पाट मांडला होता. भोवती रांगोळी होती. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, कडेला गजरा. काजलनं हळदीकुंकू लावलं आणि तांदळाची ओंजळ भरून ती समोर वाकली.

"अक्का, पदर पसरा."

उज्ज्वलाचा हात पदराकडे जाईना. जिची कूस आपल्या हातानं रिकामी झाली, ती आपल्या पदरात तांदूळ घालते आहे. नऊ वर्षं घालते आहे, आणि आपण हसून घेतले आहेत.

"काय होतंय? बरं वाटत न्हाई का?"

"काजल, ते ताट खाली ठेव. माझ्यासमोर बस."

मग तिनं सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत, कारण घेतली असती तर पुन्हा तोंड उघडलं नसतं. तीन तुकडे, चार तुकडे, शेवंता बाबर, पाणी, चारची गाडी, सगळं एका दमात. काजल शिबिरांतून इतकी वर्षं हिंडलेली; तिला बायोप्सी, स्लाइड सगळं कळत होतं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. ओंजळीतले तांदूळ तिनं परत ताटात ओतले आणि तळहाताला चिकटलेले दाणे एकेक करून काढत राहिली.

"म्हणजे मला काही झालंच नव्हतं," शेवटी ती म्हणाली.

"नव्हतं."

"नेताजी गेला तो..." तिनं वाक्य सोडून दिलं. "मी एवढ्या बायकांना सांगितलं, माझ्याकडं बघा म्हणून."

उज्ज्वला रडायला लागली. काजल रडली नाही. तिनं विचारलं, "तो माझा तुकडा अजून हाय?"

दुपारी दोघी रुग्णालयात गेल्या. ब्लॉकचं कोठार तळघरात होतं, पत्र्याच्या खणांच्या भिंतीच्या भिंती. उज्ज्वलानं खण ओढला आणि ब्लॉक काजलच्या हातावर ठेवला. काडेपेटीहून लहान, पिवळट मेण, त्यात भिजलेल्या डाळीएवढे तीन ठिपके.

"हे माझं?"

"हो."

"पिशवी तर तेव्हाच टाकून दिली असंल त्यांनी."

"हो. ती दोन महिन्यांच्या वर ठेवत नाहीत."

"मग एवढंच राहिलंय." तिनं तो ब्लॉक खिडकीकडे नेला आणि अंगठ्यानं मेण पुसलं. "हे चांगलं होतं?"

"चांगलं होतं, काजल. एकदम चांगलं होतं."

काजलनं ब्लॉक उजेडात धरून ठिपके मोजले, एक, दोन, तीन. मग न वळताच तिनं विचारलं, "तुम्ही स्लाइडवरचे तुकडे मोजले का न्हाईत?"

या प्रश्नाचं उत्तर उज्ज्वला तीन दिवस शोधत होती. "घाई होती. तुझं होतं म्हणून घाई होती."

"परक्या बाईचे असते तर मोजले असते."

उज्ज्वलानं हो म्हटलं. काजलनं ब्लॉक परत तिच्या हातात दिला आणि एकटीच जिना चढून गेली.

त्याच संध्याकाळी उज्ज्वलानं फाइलमध्ये दुसरा पर्याय, मूळ स्लाइडमध्येच मिसळ, भरला आणि खाली स्वतःचं नाव घातलं. सोमवारी विभागाला सील लागलं. सहा हजार ब्लॉक ट्रकमध्ये घालून पुण्याला गेले, आणि तिथे आधीच पंचवीस हजारांची रांग होती. डॉक्टर कारखानीस तिच्याशी बोलेनाशा झाल्या; समोरून आल्या तर भिंतीकडे बघत जात. मायक्रोटोमवर बसायची तिला बंदी झाली. तिला नोंदणी खिडकीपाशी खुर्ची मिळाली. बायकांना अर्ज भरून द्यायचे, एवढंच काम. पुण्याहून पहिला निकाल फाल्गुनात आला. पलूसच्या एका बाईचा सांधा सापडला होता. तिला फोन केला तेव्हा तिच्या मुलानं उचलला आणि सांगितलं, आई माघात गेली. उज्ज्वलानं तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि पुढे रोज जवळ बाळगला.

काजल घर सोडून गेली नाही. जाणार कुठे? डबा करायची, धुणं करायची, विचारलं तेवढं बोलायची. शिबिरांचं बोलावणं आलं की ती सांगायची, आता दुसरी कुणी बघा. ओटीचं ताट तिनं त्याच दिवशी उचललं होतं. नारळाची चटणी झाली, तांदळाचा भात झाला. खण तेवढा देव्हाऱ्याखाली तसाच पडून होता.

चैत्रात चौकशी समितीनं काजलला रक्त द्यायला बोलावलं. चौथा तुकडा तिचा नाही हे तिच्या रक्तावरून कागदोपत्री सिद्ध करायचं होतं. उज्ज्वला खिडकीपाशी होती. काजल दारातून आली, तिनं यंत्राचं बटण दाबून टोकन घेतलं आणि भिंतीकडेच्या बाकावर बसली. बाकं गच्च भरली होती. मांडीवर पोरं घेतलेल्या, तोंडाला पदर लावलेल्या, कागदांच्या पिशव्या उराशी धरलेल्या बायका होत्या. खिडकीवर तेविसावा नंबर चालू होता.

उज्ज्वला उठून तिच्याजवळ गेली. हातातलं टोकन तिनं वाचलं, शहाण्णव होतं. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "काजल, मागच्या दारानं ये. रक्त घेणारी आपली ओळखीची आहे, पाच मिनिटांत होईल."

काजलनं वर पाहिलं. नऊ वर्षांत तिनं अक्काकडे इतकं सरळ कधी बघितलं नव्हतं. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर उज्ज्वलाला ते सोसलं असतं.

"नको, अक्का," ती म्हणाली. "माझा नंबर आला की मी येते."

तिनं टोकन मुठीत घट्ट धरलं आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाईला बसायला जागा व्हावी म्हणून थोडी सरकली. उज्ज्वला परत येऊन खुर्चीवर बसली. खिडकीतून चोविसावा नंबर पुकारला गेला.